डी ड्राइव्हचा भरवसा

व्यापारी पेढीवरच्या संगणकाबाबत गेली वीस-पंचवीस वर्षे एक नियम न लिहिता पाळला गेला आहे: विंडोज ‘सी’मध्ये आणि हिशेब ‘डी’मध्ये. हा नियम कोणत्याही पुस्तकातून आला नाही. दुरुस्तीला येणाऱ्या मुलांनी तो दुकानदारांना शिकवला. संगणक मंद झाला, व्हायरस शिरला, की तो मुलगा येऊन सी ड्राइव्ह फॉरमॅट करी आणि विंडोज नव्याने घाली. डी ड्राइव्हला मात्र तो हात लावत नसे. सी पुसला गेला तरी टॅलीचा डेटा, दरपत्रके, घरच्या लग्नाचे फोटो डीमध्ये सुखरूप राहत. अनुभवाने शिकवलेली गोष्ट पक्की बसते. जुने मेहताजी आणि नवा अकाउंटंट यांचे ज्या मोजक्या बाबींवर एकमत होते, त्यांत ही एक आहे.

पनवेल, कळंबोली, तळोजा या पट्ट्यातल्या अनेक पेढ्यांचे हिशेब आता दुकानातल्या संगणकावरून निघून भाड्याच्या सर्व्हरवर गेले आहेत. गोदाम एकीकडे, गादी दुसरीकडे, सी.ए. मुंबईत आणि घरातला एखादा मुलगा पुण्यात, अशी विभागलेली पेढी एकाच टॅलीवर काम करू शकते ती या सोयीमुळे. पडद्यावर दिसणारी विंडोज तीच असते, फोल्डर तसेच असतात, ‘सी’ आणि ‘डी’ हीसुद्धा तिथे असतात. साहजिकच मेहताजी पहिल्या दिवशी डीमध्ये फोल्डर उघडतात आणि हिशेब तिथे ठेवतात.

मायक्रोसॉफ्टच्या अझूर सेवेतल्या अनेक प्रकारच्या विंडोज सर्व्हरवर डी या अक्षराचा अर्थ नेमका उलटा आहे. तिथे डी ड्राइव्ह ही तात्पुरती जागा असते. तिच्या नावातच ‘टेम्पररी स्टोरेज’ असे लिहिलेले असते आणि आत एक छोटी मजकुराची फाइल आधीपासून ठेवलेली असते. त्या फाइलचे नाव ‘डेटालॉस वॉर्निंग रीडमी’, म्हणजे डेटा जाण्याचा इशारा, हे वाचा. फाइल उघडली तर आत साध्या इंग्रजीत सांगितलेले असते की या जागेवर ठेवलेली कोणतीही गोष्ट नाहीशी होऊ शकते आणि ती परत मिळवता येणार नाही. इतका स्पष्ट इशारा व्यवहारात क्वचितच मिळतो. पण नवीन डबा उघडताना आतली सूचनापत्रिका जशी बाजूला पडते, तशी ही फाइलही बाजूला पडते. दुकानात जो कप्पा सर्वांत सुरक्षित होता, तोच भाड्याच्या घरात सर्वांत बेभरवशाचा ठरतो, आणि अक्षर तेच असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

हे असे का केले असावे, हे कळण्यासाठी सर्व्हर कुठे आणि कसा असतो ते पाहावे लागेल. त्यासाठी पनवेलकरांना फार दूर जावे लागत नाही. पनवेलजवळच्या हिरानंदानी फॉर्च्यून सिटी वसाहतीत योट्टा कंपनीचे ‘एनएम१’ हे डेटा सेंटर उभे आहे. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते दूरदृश्य पद्धतीने त्याचे उद्घाटन झाले. ७,२०० रॅक आणि ५० मेगावॉट वीज अशी त्या इमारतीची क्षमता त्या वेळी सांगण्यात आली होती. रॅक म्हणजे माणसाहून उंच लोखंडी कपाट. त्यात एकावर एक सपाट यंत्रे बसवलेली असतात. नवी मुंबईच्या परिसरात अशी आणखीही केंद्रे आहेत. अ‍ॅमेझॉनने आपली मुंबई शाखा २०१६ मध्ये सुरू केली. मायक्रोसॉफ्टने त्याआधीच, २०१५ मध्ये, पुणे, मुंबई आणि चेन्नई ही ठिकाणे निवडली होती. ‘क्लाऊड’ हा शब्द ढगाचा असला तरी सगळा मामला लोखंड, तांबे, डिझेल जनरेटर आणि थंड हवेचा आहे.

अशा केंद्रातले एक यंत्र एका गिऱ्हाइकाला दिले जात नाही. एका दणकट यंत्राचे सॉफ्टवेअरने अनेक भाग पाडतात आणि प्रत्येक भाग स्वतंत्र संगणक असल्यासारखा भाड्याने देतात. त्या भागालाच आभासी सर्व्हर म्हणतात. पेढीने घेतलेला सर्व्हर म्हणजे एखादे ठरावीक यंत्र नव्हे. इतकी मेमरी, इतका प्रोसेसर आणि इतकी जागा यांचा तो करार असतो. आज तो करार तिसऱ्या मजल्यावरच्या एका यंत्रावर पाळला जातो, उद्या ते यंत्र बिघडले तर दुसऱ्या कपाटातल्या यंत्रावर. गिऱ्हाइकाला हे कळतही नाही, कळू नये अशीच व्यवस्था असते.

आता या व्यवस्थेत साठवण दोन ठिकाणी असते. पहिली, त्या यंत्रातच बसवलेली डिस्क. ती प्रोसेसरच्या अगदी शेजारी असल्यामुळे अतिशय वेगवान असते आणि बहुधा सर्व्हरच्या भाड्यातच येते. दुसरी साठवण यंत्रापासून वेगळी, केंद्राच्या अंतर्गत नेटवर्कने जोडलेली. तिच्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट एकाहून अधिक ठिकाणी उतरते. करार दुसऱ्या यंत्रावर गेला तरी ही दुसरी साठवण त्याला तिथे जाऊन मिळते. पहिली मात्र जुन्या यंत्रातच राहते, आणि पुढच्या भाडेकरूला देण्याआधी ती पुसली जाते. तात्पुरती साठवण आणि कायम साठवण यांतला फरक एवढाच, पण तो पूर्ण समजून घेण्यासारखा आहे.

पनवेलच्या जुन्या व्यापारात याचा एक नमुना सापडतो. १८३० मध्ये बोर घाटाचा रस्ता गाडीवाहतुकीसाठी खुला झाल्यानंतर, आणि रेल्वे घाट चढेपर्यंत, मुंबईचा माल गलबतांतून पनवेलच्या खाडीत येई आणि इथे बैलगाड्यांवर चढून पुण्याकडे जाई. होडीतून उतरलेला माल गाडी मिळेपर्यंत धक्क्यावर राही. धक्क्यावरची जागा अत्यंत सोयीची: होडी समोर, गाडी मागे. पण हंगामाचा सगळा तांदूळ धक्क्यावर ठेवून घरी झोपायला जाईल असा व्यापारी कोण? भरती, पाऊस, चोर, यांपैकी कोणाचाही तिथे हक्क चाले. साठवणीचा माल बाजारातल्या वखारीत जाई, तिथे नेण्याची हमाली भरावी लागली तरी. सर्व्हरमधली तात्पुरती डिस्क हा असा धक्का आहे. विंडोजला काम करताना मेमरी अपुरी पडली की ती जादा पाने तिथे टाकते, मोठ्या याद्यांची लावालावी तिथे होते, अर्धवट फाइली तिथे पडतात. वेग हवा आणि उद्याची चिंता नको, अशा कामांसाठी ती जागा उत्तम आहे.

किंबहुना सुरुवातीला एवढेच होते. अ‍ॅमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये सर्व्हर भाड्याने देण्यास आरंभ केला तेव्हा त्यांच्यासोबत फक्त यंत्रातली डिस्क मिळे. सर्व्हर सोडला की त्यावरचे सारे गेले. ज्यांना काही जपायचे असे ते वेगळ्या साठवण सेवेत प्रत पाठवून ठेवत. सर्व्हरला जोडता येईल अशी स्वतंत्र, टिकाऊ डिस्क ‘इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर’ या नावाने ऑगस्ट २००८ मध्ये आली, म्हणजे दोन वर्षांनी. तात्पुरती साठवण हा नंतर शिरलेला दोष नाही. या धंद्याचा जन्मच तिच्यासह झाला. ज्या अभियंत्यांनी ही सेवा सर्वप्रथम वापरली, त्यांना हे पाठ होते. वीस वर्षांनी तीच सेवा टॅली वापरणाऱ्या पेढीपर्यंत पोहोचली, तेव्हा सर्व्हर आला, बिल आले, अक्षरे आली. समज मात्र वाटेतच राहिली.

सर्वांत फसवी गोष्ट ही की तात्पुरती डिस्क लगेच दगा देत नाही. सर्व्हर ‘रीस्टार्ट’ केला तर तिच्यावरचा डेटा सहसा जसाच्या तसा राहतो, कारण यंत्र बदललेले नसते. महिन्यातून चार वेळा रीस्टार्ट करावा आणि चारही वेळा हिशेब जागेवर दिसावेत, असे वर्षभर चालते. भरवसा बसतो. जाणारा डेटा जातो तो ‘स्टॉप’ केल्यावर, म्हणजे कंपनीच्या वेब पॅनलवरून सर्व्हर थांबवून यंत्र मोकळे केल्यावर. पुन्हा सुरू करताना करार दुसऱ्या यंत्रावर बांधला जातो आणि तिथली तात्पुरती डिस्क कोरी असते. सर्व्हरचा आकार वाढवला तरी बहुधा असेच होते. शिवाय गिऱ्हाइकाने काहीही न करता मूळ यंत्रच बिघडले, तर कंपनी आपणहून सर्व्हर दुसरीकडे हलवते. सेवा काही मिनिटांत पूर्ववत सुरू होते, पण डी ड्राइव्ह मागे राहून गेलेला असतो. विंडोजच्या आतून ‘शट डाऊन’ केल्यास काय होते, याबाबत कंपनीगणिक फरक आहे: अझूरमध्ये तसे केल्याने यंत्र अडकलेलेच राहते आणि भाडेही चालू राहते; अ‍ॅमेझॉनमध्ये तेच बटण सामान्यतः ‘स्टॉप’चे काम करते, आणि यंत्रातल्या डिस्कवरचे सारे जाते.

कळंबोलीच्या लोखंड बाजारातली एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. दिवाळीत गादी बंद होते ती लाभपंचमीला उघडते. पुतण्याने नुकतेच कुठेतरी वाचलेले असते की थांबवलेल्या सर्व्हरचे भाडे लागत नाही. “काका, पाच दिवस कोणी काम करणार नाही, मग सर्व्हर चालू ठेवून काय करायचे?” काकांना हिशेबी मुलगा आवडतो, ते मान डोलावतात. पुतण्या फोनवरूनच सर्व्हर थांबवतो. लाभपंचमीच्या सकाळी पूजा होते, मेहताजी सर्व्हर सुरू करतात, टॅली उघडते आणि कंपन्यांच्या यादीत एकही नाव नसते. डी ड्राइव्ह जागेवर आहे, आकार तोच आहे, आत एकच फाइल आहे: ती इशाऱ्याची. एप्रिलपासूनच्या सात महिन्यांच्या नोंदी गेल्या, आणि पुतण्याने वाचवले ते पाच दिवसांचे भाडे.

इथे घरात जो शब्द आधी उच्चारला जातो तो ‘रिकव्हरी’. बिघडलेली हार्ड डिस्क पिशवीत घालून लॅमिंग्टन रोडला नेणारे आणि अर्धामुर्धा डेटा परत आणणारे व्यापारी अनेकांच्या ओळखीचे असतात. पण इथे पिशवीत घालायला काही नाही. ती डिस्क कोणत्या कपाटात होती हे पेढीला कधीच ठाऊक नव्हते, आणि आता ती दुसऱ्या कोणाच्या तरी कामी लागली आहे. कंपनीला फोन केला तर उत्तर नम्र असते आणि करारातल्या कलमाकडे बोट दाखवणारे असते. कायद्याने पाहता ते उत्तर बरोबरही असते.

मग उभे राहते पुन्हा लिहिण्याचे काम. जीएसटी पोर्टलवर भरलेली विक्रीची बिले सापडतात, पुरवठादारांनी भरलेली खरेदीही तिथे दिसते. बँकेचे उतारे मिळतात. जे कुठेच सापडत नाही ते अधिक मोलाचे असते. कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती उधारी थकली आहे, कोणी अर्धे दिले आणि बाकीचे कोणत्या वायद्यावर, कोणत्या मापाच्या सळ्या गोदामात किती, कोणाला तोंडी किती सूट कबूल केली होती. व्यापारी घराण्यात उधारीची यादी ही इमारतीइतकीच मालमत्ता मानली जाते. सज्जन गिऱ्हाईक आपल्या वहीत पाहून आकडा सांगेल. पण सगळ्या गिऱ्हाइकांना आपली बाकी विचारत फिरणे म्हणजे आपली वही कोरी झाल्याची दवंडी पिटणे. पेढीच्या नावाला बसणारा तो चटका रुपयांत मोजता येत नाही.

सरकारी बाजूही हलकी नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची कागदपत्रे संबंधित वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. त्याच कायद्याखालच्या नियम ५७ मध्ये तर स्पष्टच म्हटले आहे की संगणकीय नोंदींचा योग्य बॅकअप अशा रीतीने ठेवला पाहिजे की अपघाताने वा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी मुदतीत परत उभ्या करता याव्यात. हा नियम मालकी पेढीलाही लागू आहे आणि भागीदारीलाही. जिथे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी केलेली आहे, तिथे कंपनी कायद्यानुसार ८ आर्थिक वर्षांचे हिशेब जपण्याचे बंधन आहे. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून त्यांचा बॅकअप भारतातच असलेल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवणे आवश्यक झाले आहे. पूर्वी तिथे ‘ठरावीक काळाने’ एवढेच शब्द होते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. डेटाच पुसला गेला तर ती नोंदही त्याच्यासोबत जाते, आणि मग नव्याने लिहिलेले हिशेब कितीही प्रामाणिक असले तरी त्यांच्यामागचा इतिहास कोरा राहतो. लेखापरीक्षकाला त्यावर शेरा लिहिण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

तर मग कायम डिस्क घ्यावी म्हणजे झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. ती घ्यावीच, परंतु ‘कायम’ हा शब्द इथे जरा उदारपणे वापरलेला आहे. अ‍ॅमेझॉन आपल्या सर्वसाधारण कायम डिस्कबाबत स्वतःच सांगते की वर्षभरात हजारांतल्या एक-दोन डिस्क निकामी होण्याची शक्यता धरावी. दुकानातल्या हार्ड डिस्कच्या तुलनेत हे कितीतरी बरे, तरी शून्य नव्हे. शिवाय त्याच सेवेत विंडोज असलेली मुख्य डिस्क, सेटिंग बदलले नसेल तर, सर्व्हर कायमचा काढून टाकताना त्याच्याबरोबरच पुसली जाते. इथे ‘स्टॉप’ आणि ‘टर्मिनेट’ ही दोन बटणे वेगळी आहेत, आणि पहिल्याची सवय झालेले बोट दुसऱ्यावर पडू शकते.

त्याहून मोठी मर्यादा अशी की कायम डिस्क इमानी असते. तिला जे सांगितले जाते ते ती करते. चुकून फोल्डर पुसले तर तिच्या सर्व प्रती ते तत्क्षणी पुसतात. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फाइलीच निष्ठेने जपल्या जातात. एकाच वेळी अनेक ठिकाणी लिहिणे ही यंत्र बिघडण्यावरची तोड आहे; माणूस चुकण्यावरची नव्हे. त्यासाठी जुन्या तारखेची प्रत लागते, जिला या व्यवहारात स्नॅपशॉट किंवा बॅकअप म्हणतात.

आणि ती प्रत दुसऱ्या इमारतीत लागते. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची पाच मजली इमारत आगीत जळाली. ज्यांनी अन्यत्र प्रत ठेवली नव्हती, त्यांचे सारे गेले. बॅकअपचे पैसे भरलेल्या काही गिऱ्हाइकांना तर नंतर कळले की त्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातल्या देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरीच्या आगीने सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइलींचा ८५८ टेराबाइटचा साठा नष्ट झाला. त्याची बाहेर प्रतच नव्हती. एवढ्या प्रगत देशात असे व्हावे याचे अनेकांना नवल वाटले. २६ जुलै २००५ पाहिलेल्यांना तेवढे वाटू नये. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि मुंबई-रायगडच्या तळमजल्यांवरच्या कित्येक दुकानांत वह्या आणि संगणक एकाच चिखलात सापडले. वही एका कपाटात आणि तिची नक्कल शेजारच्या कपाटात, ही व्यवस्था त्या पाण्यापुढे सारखीच ठरली. आज मुंबईतल्या सर्व्हरची प्रत हैदराबादला, पुण्यातल्याची चेन्नईला ठेवता येते. दोन्ही भारतातच असल्यामुळे कायद्याची अटही पाळली जाते.

पेढीवर करायची तपासणी दहा मिनिटांची आहे. सर्व्हरवर ‘धिस पीसी’ उघडून प्रत्येक ड्राइव्हचे नाव वाचावे. कुठे ‘टेम्पररी’ हा शब्द दिसला तर तिथले सारे महत्त्वाचे त्याच दिवशी हलवावे. टॅलीप्राइममध्ये कंपनी निवडण्याच्या पडद्यावर डेटा कोणत्या मार्गावर आहे ते लिहिलेले दिसते, तो मार्ग पाहावा. बॅकअपचा मार्गही पाहावा, कारण अनेक ठिकाणी डेटा सुरक्षित सीमध्ये असतो आणि बॅकअप मात्र जुन्या सवयीने डीमध्ये घेतला जातो. तो रोज रात्री नेमाने होतो आणि गरजेच्या दिवशी नसतो. इथे एक खुलासा हवा. सर्वच भाड्याच्या सर्व्हरवर डी तात्पुरता नसतो. अझूरच्याच नव्या प्रकारांपैकी अनेकांत तात्पुरती डिस्क मुळात येतच नाही, आणि टॅलीसाठी सर्व्हर देणारे स्थानिक व्यावसायिक बहुतेकदा आपापल्या पद्धतीने डिस्क लावून देतात. म्हणून नावावर किंवा अक्षरावर अंदाज न बांधता देणाऱ्यालाच लेखी विचारणे इष्ट: सर्व्हर थांबवून सुरू केला तर या ड्राइव्हवरचे काय राहील? त्याची प्रत कोणत्या शहरात आहे? ती किती दिवस मागची मिळेल? या तीन प्रश्नांची उत्तरे जो व्यावसायिक व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून देत नाही, त्याचे दर कितीही कमी असोत, तो महाग आहे.

बॅकअप आहे असे समजणे आणि तो उघडून पाहणे यांतही अंतर असते. महिन्यातून एकदा जुन्या तारखेची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये उतरवून टॅलीत उघडावी आणि त्या दिवसाची रोख शिल्लक छापील कागदाशी ताडून पाहावी. जुने मेहताजी रोजमेळ रोज जुळवत असत. हे काम त्यांना समजावून सांगावे लागणार नाही.

राहता राहिला खर्च. तात्पुरती डिस्क भाड्यात येते आणि कायम डिस्कचे, स्नॅपशॉटचे पैसे वेगळे लागतात. म्हणूनच दरपत्रक कमी दाखवण्यासाठी ती ओळ गाळण्याचा मोह देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही होतो. सर्व्हर थांबवला तरी कायम डिस्कचे भाडे थांबत नाही, कारण वखारीतली जागा अडलेलीच असते. पुतण्याने दिवाळीत सर्व्हर बंद ठेवला आणि तरी महिन्याच्या बिलावर साठवणीच्या नावाने काही रक्कम दिसली, की घरात हमखास विचारणा होते की बंद दुकानाचे हे पैसे कशाचे. बिलावर तशी ओळ आहे का, ते पेढीवर ज्याच्याकडे बिल येते त्याने पाहावे. ओळ असेल तर त्या आकारात बहुधा हिशेबच राहत आहेत. नसेल, तर दिवाळीत सर्व्हर चालूच ठेवावा आणि देणाऱ्याला आजच फोन करावा.